जुनं गाणं आज वाजवावं का नाही, कसं ठरवायचं?

आमचा सात जणांचा गाण्याचा हौशी ग्रुप आहे, जुनी इंग्लिश पॉप गाणी म्हणतो, कुणाच्या वाढदिवसाला, रियुनियनला, कधी ऑफिसच्या पार्टीला, आणि गाण्यांची लिस्ट काढायचं काम का कोण जाणे पहिल्यापासून माझ्याच गळ्यात पडलंय. पूर्वी हे दहा मिनिटांचं काम होतं. पट्टी जमते का, लोकांना माहितीये का, झालं. आता प्रॅक्टिसमध्ये कुणीतरी अर्ध्यात थांबतं आणि म्हणतं, अरे पण आपण हे गातोय काय? की पुढचा अर्धा तास वाद. अशा बऱ्याच वादांतून माझी एक पद्धत तयार झालीये, ती लिहून काढतोय, पार्टीसाठी प्लेलिस्ट करणाऱ्यांना किंवा घरातल्या पोरांना जुनी गाणी ऐकवणाऱ्यांना पण कामाला येईल.

आधीच सांगतो, गाणं चांगलं की वाईट याचा निकाल यातून लागणार नाही, तो तुमचा तुम्ही लावा. नेमकं काय खटकतंय आणि कुठे, एवढंच यातून कळतं. पण तेवढं कळलं तरी पुष्कळ, कारण "जुनं गाणं आता चालत नाही" असं आपण एका दमात म्हणून टाकतो आणि त्या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या भानगडी भरलेल्या असतात, प्रत्येकीचा इलाज वेगळा.

आधी चाल काढून टाका

गाण्याचे शब्द समोर घ्या आणि कोरडे, बातमी वाचतात तसे मोठ्याने वाचा. गुणगुणायचं नाही. मनात चाल सुरू झाली की थांबायचं आणि परत पहिल्यापासून. वेडेपणा वाटेल पण निम्मं काम इथेच होतं, कारण वीस-तीस वर्षं जे गाणं आपण तोंडपाठ म्हणतोय ते आपण कधी ऐकलेलंच नसतं, ऐकलेली असते ती चाल.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'द पोलीस' नावाच्या रॉक बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक', 1983 चं. अमेरिकेत आठ आठवडे एक नंबरला होतं आणि आजही लोक लग्नात लावतात, हातात हात घालून त्यावर नाचतात. आता ते नुसतं वाचा. तू श्वास घेशील, पाऊल टाकशील, मी बघत असेन, तू माझी आहेस. वाचल्यावर अंगावर काटा येतो का नाही? लिहिणाऱ्या स्टिंगने स्वतः कितीदा सांगितलंय की हे गाणं दिसतं गोड पण आतून भयाण आहे, मत्सराचं आहे, नजर ठेवण्याचं आहे. म्हणजे इथे जमाना बदलला आणि गाणं बिघडलं असं झालेलंच नाही. गाणं पहिल्यापासून तेच होतं. तेव्हा आपल्याकडे "स्टॉकिंग" (कुणाचा तरी सतत पाठलाग करणं) हा शब्द रोजच्या बोलण्यात नव्हता, आता आहे, आणि शब्द हाताशी आला की डोळ्यांना दिसायला लागतं.

अशा गाण्याला माझ्या मते धोका काहीच नाही, उलट आज ते जास्त नीट कळतं. फक्त लग्नात लावू नका राव.

मग विचारा, बोलतोय कोण आणि गाणं कुणाच्या बाजूने आहे

वाद इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबतो. गाण्यातला "मी" म्हणजे गायक असं धरून चालायची आपल्याला सवय आहे. नाटकातल्या खलनायकाचं वाक्य आपण लेखकाच्या माथी मारत नाही, गाण्यात मात्र लगेच मारतो. पण याच्या उलट टोकाला जाऊन "ते पात्र बोलतंय हो" म्हणत सगळ्यालाच माफी देणारे पण असतात, आमच्या ग्रुपमध्ये दोघं आहेत. मग खरं काय ते ओळखायचं कसं?

मी दोन गाणी शेजारी शेजारी ठेवतो, दोन्ही बीटल्सची. 1965 च्या 'रबर सोल' अल्बममध्ये शेवटचं गाणं आहे 'रन फॉर युअर लाइफ'. त्यातला माणूस बाईला सांगतो की दुसऱ्या कुणाबरोबर दिसलीस तर तू मेलीस असं समज. धमकी, सरळसरळ. गंमत म्हणजे त्यातली मुख्य ओळ एल्व्हिसने 1955 मध्ये गायलेल्या एका गाण्यातून उचललेली होती, म्हणजे धमकी पण उधारीची. आणि चाल अशी उड्या मारणारी की ताल धरावासा वाटतो. दोन वर्षांनी, 1967 मध्ये, 'गेटिंग बेटर' आलं. त्यात एक कडवं आहे, मी माझ्या बाईशी क्रूर वागायचो, तिला मारायचो, आता सुधारायचा प्रयत्न करतोय. ते कडवं जॉन लेननचं, आणि 1980 च्या एका मुलाखतीत त्याने ते स्वतःबद्दलच होतं हे कबूल केलं.

आता बघा, विषय तोच, माणूस तोच, मधे दोन वर्षं. पण पहिल्यात गाणं मारणाऱ्याच्या बाजूने उभं आहे आणि त्याला ते ठाऊकच नाही, दुसऱ्यात मारणारा स्वतःकडे बघतोय. आज पन्नास-साठ वर्षांनी पहिलं गायला जड जातं, दुसरं नाही जात, उलट ते कडवं आता जास्त टोचतं आणि टोचायलाच पाहिजे. लेननने पण नंतर 'रन फॉर युअर लाइफ' आपलं सगळ्यात नावडतं गाणं असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे नवीन पिढी उगाच नाजूक झालीये वगैरे म्हणणाऱ्यांना सांगा की लिहिणाऱ्याचंच आधी बिनसलं होतं.

तर परीक्षा अशी घ्यायची. गाण्यात कुठेतरी अशी फट आहे का, जिथून कळतं की हा बोलणारा चुकतोय, वेडा आहे, दुःखी आहे, किंवा निदान त्याचं बोलणं ऐकून समोरच्यावर काय गुदरतंय? फट असेल तर गाणं टिकतं. नसेल तर ते त्या बोलणाऱ्याबरोबर बुडतं. फट शब्दांतच असते असं नाही, कधी आवाजात असते, कधी मागच्या कोरसमध्ये, कधी शेवटच्या कडव्यात चाल जरा घसरते त्यात. आणि कधी आपण मायेपोटी नसलेली फट शोधून काढतो, ते पण होतं, माझं होतं.

"काळच तसा होता" हे पडताळून बघा

वादात हा हुकमी पत्ता असतो. ग्रुपमधल्या वयाने मोठ्यांनी टाकला की तरुण गप्प. पण पत्ता खरा का खोटा ते बघायला फार काही लागत नाही, त्याच वर्षी आणखी काय वाजत होतं तेवढं शोधायचं.

1963 घ्या. त्या वर्षी जॅक जोन्सचं 'वाइव्ज अँड लव्हर्स' आलं. त्यात बायकांना सल्ला दिलाय, केस विंचरा, मेकअप नीट करा, नवरा घरी यायची वेळ झाली, ऑफिसात पोरी असतात हो, अंगठी घातली म्हणून निर्धास्त राहू नका. सुंदर चाल, बर्ट बॅकरॅकची, जोन्सला यासाठी ग्रॅमी पण मिळालं. आज हे गाणं ऐकताना लोक हसतात, काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. काळच तसा होता ना? पण त्याच 1963 च्या शेवटी लेस्ली गोरचं 'यू डोंट ओन मी' आलं, मी तुझी मालमत्ता नाही, काय बोलायचं काय घालायचं ते मला शिकवू नकोस. गाणारी पोरगी सतरा वर्षांची होती. आणि हे काही कोपऱ्यात पडलेलं गाणं नव्हतं, अमेरिकेत दोन नंबरपर्यंत गेलं, एक नंबर मिळाला नाही कारण वर बीटल्स बसले होते. लिहिणारे दोघंही पुरुष. म्हणजे काळ तसा पण होता आणि असा पण होता.

दुसरं उदाहरण जास्त कडू आहे. 1962 मध्ये क्रिस्टल्स या मुलींच्या ग्रुपने एक गाणं रेकॉर्ड केलं, त्याचं नावच असं की त्याने मला मारलं आणि ते चुंबनासारखं वाटलं. लिहिलं होतं जेरी गॉफिन आणि कॅरोल किंगने. त्यांच्या घरी पोर सांभाळायला येणारी मुलगी, जी स्वतः लिटल इव्हा नावाने पुढे गायिका म्हणून गाजली, तिला तिच्या बॉयफ्रेंडने मारलं होतं आणि ती म्हणाली की प्रेम आहे म्हणून मारलं, त्यावरून ते सुचलं. आता "तेव्हा सगळ्यांना चालायचं" म्हणावं, तर तेव्हाच नव्हतं चाललं! रेडिओवर तक्रारी आल्या, गाणं फारसं वाजलंच नाही, मागे घेतलं गेलं. साठ वर्षांपूर्वीच्या लोकांना पण कान होते. आणि किंगने पुढे ते लिहिल्याचा पश्चात्ताप बोलून दाखवला.

आणि याच जोडीने दोनच वर्षं आधी, 1960 मध्ये, शिरेल्स या मुलींच्या ग्रुपसाठी लिहिलं होतं 'विल यू लव्ह मी टुमारो'. किंग तेव्हा अठरा वर्षांची. आज रात्री माझा आहेस, उद्या असशील का, एवढंच विचारणारं गाणं. लग्न न करता एकत्र घालवलेल्या रात्रीचं गाणं म्हणून काही रेडिओवाल्यांना ते तेव्हा धीट वाटलं होतं, आज त्यात धीट काहीच राहिलं नाही, आणि तरी ते जुनं झालेलं नाही. का? माझं उत्तर असं की त्यातली भीती "लोक काय म्हणतील" एवढ्यावर उभी नव्हती. समोरच्याचा भरवसा किती धरावा, ही भीती तेव्हा होती, आजही आहे, फक्त आता ती मेसेजला रिप्लाय आला नाही म्हणून येते. किंगने स्वतः 1971 मध्ये हेच गाणं 'टॅपेस्ट्री' या आपल्या अल्बममध्ये संथ करून गायलंय, ते ऐकाच, तिथे तोच प्रश्न पोरीच्या तोंडून न येता बाईच्या तोंडून येतो.

नीती सैल झाली की गाण्यातली हवा पण जाते

जुन्या गाण्यांचा विषय निघाला की सगळे आक्षेपार्ह गाण्यांवरच बोलतात, पण उलटं पण घडतं आणि ते मला जास्त मजेशीर वाटतं. एव्हर्ली ब्रदर्सचं 'वेक अप लिटल सुझी', 1957. पोरगा-पोरगी सिनेमा बघता बघता झोपतात, जाग येते पहाटे चारला, आता घरी काय सांगायचं! बस, एवढंच कथानक. बॉस्टनमध्ये या गाण्यावर बंदी आली होती. आज ते लावलं तर विशीतली मंडळी विचारतात की यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे, फोन करायचा ना घरी. कुणाचं मन दुखावत नाही हे गाणं, पण त्याच्या पोटातली भीतीच गेली, त्यामुळे ते आता गोड, निरुपद्रवी वाटतं, जे ते मुळात नव्हतं.

अशा गाण्याला वाचवायचं तर दोन वाक्यं आधी बोला. त्या वयाच्या मुलीची अब्रू एका रात्रीत जायची, गेलेली परत मिळायची नाही, मुलाचं काही बिघडायचं नाही. एवढं सांगा आणि मग गा. हसू थोडं कमी होतं पण गाणं परत जिवंत होतं.

आणि बंदी घालणाऱ्यांचा मान ठेवायचा तर त्यांची पण गंमत सांगायला हवी. 1963 च्या किंग्जमेनच्या 'लुई लुई'चे शब्द इतके अस्पष्ट होते की लोकांना त्यात अश्लील काहीतरी ऐकू यायला लागलं, एफबीआयने त्याचा रीतसर तपास केला, रेकॉर्ड हळू-जलद करून ऐकली, आणि शेवटी निष्कर्ष काय तर शब्द कळत नाहीत. आणि 1970 मध्ये किंक्सचं 'लोला' आलं, बारमध्ये भेटलेल्या लोलाच्या प्रेमात पडलेला पोरगा, आणि लोला बाई आहे की पुरुष यावर सगळं गाणं. वाटेल की बीबीसी यावर भडकली असेल. बीबीसी अडली ती कोका-कोलावर! गाण्यात ब्रँडचं नाव होतं आणि जाहिरातीला मनाई, म्हणून किंक्सचा गायक रे डेव्हिसला अमेरिकेचा दौरा मधेच सोडून लंडनला येऊन तेवढा एक शब्द "चेरी कोला" असा परत रेकॉर्ड करावा लागला. तेव्हा, आज आपल्याला जे खटकतं त्यातलं काय पन्नास वर्षांनी कोका-कोलासारखं वाटेल, हा विचार करून बघायला हरकत नाही. अर्थात यावरून "सगळंच तात्पुरतं, काहीही गा" असं कुणी काढू नये, आमच्यातल्या एकाने काढलं होतं.

एक शब्द खटकतो का अख्खं गाणं?

हे लवकर उरकतो कारण सोपं आहे. पेन्सिल घ्या, खटकणारा शब्द किंवा ओळ खोडा, आणि बघा उरलेलं गाणं उभं राहतं का. 1985 च्या डायर स्ट्रेट्सच्या 'मनी फॉर नथिंग'मध्ये समलैंगिक पुरुषांसाठीची एक शिवी आहे. गाणं म्हणतोय तो दुकानात फ्रिज-ओव्हन उचलणारा कामगार, टीव्हीवरच्या रॉकस्टारवर जळणारा, म्हणजे पात्राचीच भाषा. तरी 2011 मध्ये कॅनडात रेडिओच्या नियम बघणाऱ्या मंडळाने मूळ रूपात ते वाजवायला नको म्हटलं, मग ओरड झाली आणि त्याच वर्षी निर्णय स्टेशनांवर सोडला. आता खोडून बघा. ती ओळ गेली तरी गिटार तिथेच आहे, कामगार तिथेच आहे, गाणं धडधाकट. म्हणून आम्ही ते कडवं गाळून गातो आणि आजवर एकाही माणसाने येऊन विचारलं नाही की कडवं कुठे गेलं.

पोग्जच्या 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क'चं (1987) पण तसंच. तिथे तर नंतर टीव्हीवर गाताना कर्स्टी मॅककॉलने स्वतःच ती ओळ बदलली होती. 2007 मध्ये बीबीसीच्या रेडिओ वनने शब्द दाबला, लोक चिडले, त्याच दिवशी माघार घेतली, आणि 2020 मध्ये परत बदललेलं रूप लावलं. एकच रेडिओ, एकच गाणं, तेरा वर्षांत दोन टोकं. मूळ गायिकेला जर बदलताना काही वाटलं नाही तर आपण कशाला मूळ शब्दांचे पहारेकरी व्हायचं.

पण रोलिंग स्टोन्सचं 'ब्राऊन शुगर' (1971) घ्या आणि खोडायला लागा. गुलामांचं जहाज, गुलाम स्त्रिया, चाबूक. खोडत गेलात तर हातात फक्त रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी धून, उरते, नंबर एक रिफ आहे मान्य, पण गाणं उरत नाही. 2021 च्या दौऱ्यात त्यांनी स्वतःच ते यादीतून काढलं. अशा वेळी पेन्सिल खाली ठेवायची. ही गाणी कुलूप लावून ठेवायची नसतात, घरी ऐका, त्यावर बोला, भांडा. लोकांना टाळ्या वाजवत कोरस म्हणायला लावायचा नाही, एवढंच.

भूमिका उलट्या करा

ही युक्ती मला आयती मिळाली. 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड' आम्ही घेतलं होतं, पुरुष आणि बाई, ती म्हणते मला निघायला हवं, तो म्हणतो बाहेर थंडी आहे थांब. आमच्यातल्या जिला ते गायचं होतं ती दुसऱ्या प्रॅक्टिसला म्हणाली, मी नाही गाणार, ती पंधरा वेळा नको म्हणते आणि मी ते लाजत लाजत म्हणायचं? शिवाय पेयात काय घातलंय असं ती विचारते, ते आजच्या कानांना फारच वाईट लागतं. मी आपला इतिहास सांगायला लागलो, की फ्रँक लोसरने 1944 मध्ये स्वतःच्या बायकोबरोबर घरच्या पार्टीत म्हणायला लिहिलं होतं, पाहुण्यांना "आता निघा" असं गोडीत सुचवायला, की तिलाच थांबायचं आहे पण शेजारी-आई-बाप काय म्हणतील म्हणून ती कारणं सांगतेय, की ते पेयाचं वाक्य तेव्हाच्या विनोदातलं घासलेलं वाक्य होतं. सगळं खरं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, हे सगळं तू प्रत्येक प्रेक्षकाला सांगणार आहेस का?

बरोबर होतं तिचं. आणि मग तीच म्हणाली, मी त्याला थांबवते, तो लाजू दे. केलं तसं. हॉल हसून हसून लोळला. नंतर शोधल्यावर कळलं की ज्या 1949 च्या सिनेमामुळे या गाण्याला ऑस्कर मिळालं, त्यात ते दोनदा आहे आणि दुसऱ्या वेळी बाईच पुरुषाला अडवते! म्हणजे इलाज सत्तर वर्षं तिथेच पडून होता, आणि 2018 मध्ये काही रेडिओ स्टेशनं ते बंद करत होती तेव्हा वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आठवला. 2019 मध्ये जॉन लेजंड आणि केली क्लार्कसनने शब्द बदलून नवीन रूप काढलं, त्यात पुरुष तिच्यासाठी गाडी बोलवायला तयार असतो. शहाणं गाणं आहे, पण त्यात मधली ओढाताणच गेली आणि मला ते पुचाट वाटलं. चवीचा प्रश्न.

उलटं केल्यावर गाणं नुसतं गमतीदार राहत नाही, कधी मूळापेक्षा मोठं होतं. ओटिस रेडिंगने 1965 मध्ये 'रिस्पेक्ट' लिहिलं आणि गायलं तेव्हा ते घरी दमून येणाऱ्या नवऱ्याचं मागणं होतं. अरेथा फ्रँकलिनने 1967 मध्ये तेच गायलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि आज ओटिसचं रूप किती जणांना आठवतं? तर कुठल्याही संशयास्पद गाण्याला ही चाचणी लावा, बाईचं पुरुषाने, पुरुषाचं बाईने, मोठ्याचं लहान आवाजाने. काही गाणी फुलतात. काही मात्र उलटं केल्यावर जास्तच किळसवाणी होतात, रिंगो स्टारने 33 व्या वर्षी गाऊन अमेरिकेत एक नंबरला नेलेलं 'यू आर सिक्स्टीन' कुणीही गाऊन बघा, गाणाऱ्याचं वय जितकं जास्त तितकं ऐकवत नाही. तेच गाणं सोळा-सतराच्या पोराने म्हटलं तर बिचारं निरागस आहे. म्हणजे तिथे शब्दांत नाही, गाणाऱ्याच्या वयात घोळ आहे, आणि आमच्या ग्रुपचं सरासरी वय बघता ते आमच्याकडून कायमचं बाद.

कुठे, कुणासमोर, आणि कोण म्हणणार

हेडफोनवर एकट्याने काहीही ऐका, तिथे तुम्ही आणि गाणं, तिसऱ्याचा संबंध नाही. खोलीत लावलं की ऐकणाऱ्याला पर्याय नसतो, तिथे एक पायरी वाढली. आणि लोकांना बरोबर म्हणायला लावलं की आणखी एक, कारण तोंडातून आलेला शब्द आपला होतो. टॉम जोन्सचं 'डिलायला' (1968) म्हणजे फसवणाऱ्या बाईला सुऱ्याने मारणाऱ्या माणसाचं गाणं, आणि वेल्सच्या रग्बी सामन्यात हजारो लोक ते एका सुरात म्हणायचे. तिथल्या रग्बी युनियनने 2015 मध्ये मध्यंतराच्या यादीतून काढलं आणि 2023 मध्ये गायकवृंदांनाही नको म्हणून सांगितलं. लोक स्वतःहून म्हणतात ते वेगळं. मला हा भेद पटतो, कारण एकटा टॉम जोन्स गातो तेव्हा ती एका खुन्याची कबुली असते, स्टेडियम गातं तेव्हा त्यातली बाई कुणाला आठवत नाही.

मुलं बरोबर असतील तर लपवू नका, गाणं लावायचं असेल तर लावा आणि त्यांना विचारा यातला माणूस कसा वाटतो. उत्तरं आपल्यापेक्षा सरळ येतात.

गायकाने प्रत्यक्षात काय केलं, गुन्हे वगैरे, हा वेगळा हिशोब आहे, तो या हिशोबात मिसळू नका. गाणं सोज्वळ आणि गाणारा भयंकर, असं पण असतं, तिथे शब्द वाचून काही कळणार नाही, पैसा कुणाला जातो ते बघावं लागतं.

शेवटी लिस्ट

माझ्या वहीत तीन रकाने आहेत, गायचं, बदलून गायचं, आणि नंतर बघू. "कधीच नाही" असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, कारण गाणी परत येतात. पॅरामोर या बँडने 'मिझरी बिझनेस' 2018 मध्ये बंद केलं, गायिकेने कोवळ्या वयात दुसऱ्या मुलीला हिणवणारी ओळ लिहिली होती ती आता नको वाटते म्हणून, आणि 2022 मध्ये परत सुरू केलं. टेलर स्विफ्टने 2010 च्या 'बेटर दॅन रिव्हेंज'मधली तशीच एक ओळ 2023 च्या नव्या रेकॉर्डिंगमध्ये बदलली, आणि जुन्या ओळीसाठी हळहळणारे चाहते पण निघाले. म्हणून वर्षातून एकदा वही उघडायची आणि तिसरा रकाना पहिल्यापासून वाचायचा, ज्याला गायचं आहे त्याने वाचायचा, लिस्ट काढणाऱ्याने नाही. आणि जिला किंवा ज्याला एखादी ओळ म्हणायची नाही त्याला कारण विचारायचं नाही, आमच्यात हा नियम त्या थंडीच्या गाण्यानंतर झाला.

'डिलायला' सध्या तिसऱ्या रकान्यात आहे. एकट्या आवाजात, पियानोवर, कोरस न लावता घ्यावं असं माझं म्हणणं, मागच्या वेळी मतं घेतली तर चार विरुद्ध तीन झाली, मी तिघांत होतो.